फॉर्च्युनरला थंडी वाजते

(नारायणगाव. पुणे-नाशिक रस्त्यालगतचं टायरचं दुकान. डिसेंबरातली सकाळ. पांढऱ्या फॉर्च्युनरमधून शेठ उतरतात. सीटवरचं प्लास्टिक अजून निघालेलं नाही.)

शेठ: मामा, गाडीला थंडीचे टायर बसवायचेत. पुतण्या स्टुटगार्टला असतो, त्याचा काल फोन होता. तिकडं ऑक्टोबर लागला की जो तो टायर बदलतो, ते थेट ईस्टरपर्यंत. कायदाच आहे म्हणे. आणि आपल्याकडं थंडी काय कमी आहे? पहाटे पारा आठ-नऊवर येतो, द्राक्षबागेत शेकोट्या कराव्या लागतात. मण्याला थंडी बाधते तर रबराला बाधणार नाही? त्यासोबत चाकंही बदलू. बावीस इंची, काळीकुट्ट. खर्चाचं बोलायचं नाही.

टायरवाला: पुतण्याचं बरोबर आहे शेठ, पण ते स्टुटगार्टात बरोबर आहे. तिथला कायदासुद्धा कॅलेंडर बघत नाही. रस्त्यावर बर्फ असेल, दहिवर गोठलं असेल, तर हिवाळी टायर पाहिजेत, एवढंच तो सांगतो. साध्या टायरचं रबर साधारण सात अंशांच्या खाली ताठरतं आणि पकड कमी होते. म्हणून हिवाळी टायरला मऊ मिश्रण, सिलिका जास्त, आणि नक्षीत बारीक चिरा. बाजूला तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण अशी खूण असते. ऑक्टोबर 2024 पासून जर्मनीत ही खूण असलेलाच टायर हिवाळी धरतात. आता आपला हिशोब घ्या. पारा आठवर येतो तो पहाटे. त्या वेळी तुमची गाडी कव्हर घालून पोर्चमध्ये असते, आणि बिबट्याच्या धाकानं तुम्हीही आतच असता. दुपारी तोच पारा अठ्ठावीस-तीसवर. एप्रिल-मेमधलं डांबर तर विचारूच नका. मऊ रबर तिथं भराभर झिजतं, नक्षीचे ठोकळे दबून वाकतात आणि ब्रेक मारल्यावर गाडी जास्त लांब जाऊन थांबते. द्राक्षाचा मणी रात्रभर उघड्यावर लटकतो, म्हणून त्याला शेकोटी. तुमच्या टायरला पोर्च आहे.

शेठ: मग चारच महिने वापरीन, उन्हाळ्यात काढून ठेवीन. जर्मनही तेच करतात ना? तिथं म्हणे टायर ठेवायला टायरांचं हॉटेल असतं!

टायरवाला: असतं खरं. पण हे चार महिने आपल्याकडं कसले असतात ते बघा. गाळप चालू. विघ्नहर आणि भीमाशंकर साखर कारखान्यांकडं निघालेल्या उसाच्या जोड ट्रॉल्या, कित्येकींना मागं ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर. आपला हिवाळी धोका तो. टायर बर्फावर पकड घेईल, अंधारातली ट्रॉली त्याला कशी दिसणार? आणि घसरण्याचं म्हणाल, तर इथं गाडी घसरते पहिल्या पावसात, रस्त्यावरचं तेल न् माती एक झाल्यावर. माळशेजच्या ओल्या वळणावर घसरते. नाहीतर भाव पडल्यावर रस्त्यावर ओतलेल्या टोमॅटोवर. 2023 च्या जुलैत वीस किलोचं क्रेट दोन हजारांच्या वर गेलं, तेव्हा रस्त्यावर औषधालाही टोमॅटो नव्हता. ही गाडी त्याच साली आली ना? टोमॅटोवर चालणारा टायर कुठल्याच कंपनीनं अजून काढलेला नाही. पावसाचं पाणी फेकायला खोल नक्षी लागते, ती साध्या चांगल्या टायरलाही असते, फक्त 1.6 मिलिमीटरच्या खुणेपर्यंत झिजायची वाट बघायची नाही.

शेठ: आणि उद्या काश्मीरला न्यायची म्हटली तर?

टायरवाला: बर्फ पडला की टंगमर्गहून गुलमर्गला चढताना चाकाला साखळ्या लावायला सांगतात. त्या तिथंच भाड्यानं मिळतात. आठ दिवसांच्या सहलीसाठी वर्षभर काश्मीर पायात घालून हिंडायचं का?

शेठ: टायरचं राहू द्या मग. बावीस इंची चाकांचं बोला. कार्यालयाच्या दारात गाडी लावली की लोकांच्या माना वळल्या पाहिजेत.

टायरवाला: वळतील. पहिली मान तुमचीच, खड्ड्यात. तुमच्या टायरवर काय लिहिलंय बघा: 265/60 आर 18. म्हणजे रुंदी 265 मिलिमीटर आणि बाजूच्या भिंतीची उंची तिच्या साठ टक्के, 159. चाकाची एकूण उंची तीच ठेवून रिम बावीसची करायची, तर 265/40 घ्यावा लागेल. भिंत उरली 106. पाच सेंटिमीटर रबर गेलं न् तिथं धातू आला. खड्डा आधी रबर खातो, मग रिम, मग सस्पेन्शन, मग तुमचं कंबरडं. शिवाय पुढं 110 आकडा आहे, म्हणजे एका टायरनं 1060 किलो पेलायचे. तो कमी झालेला चालत नाही. आणि पुतण्यानं अर्धीच गोष्ट सांगितली. जर्मन लोक हिवाळ्यात बरेचदा रिम लहान करतात, भिंत उंच ठेवतात. मीठ मारलेल्या रस्त्यावर भारी रिम खराब कशाला करायची, आणि लहान मापाचा टायरही स्वस्त. जिथं रस्ता वाईट तिथं चाक लहान. आपला रस्ता बाराही महिने त्यांच्या हिवाळ्यापेक्षा खडबडीत, आणि तुम्ही निघालात उलट दिशेला.

शेठ: म्हणजे थंडीसाठी काहीच करायचं नाही? पुतण्याला काय तोंड दाखवू?

टायरवाला: करायचं की. दर पाच-सहा अंश गारव्याला टायरमधली हवा साधारण एक पीएसआय उतरते. दुपार आणि पहाट यांत वीस अंशांचा फरक, म्हणजे तीन-चार पीएसआय. तुम्ही हवा भरता भर दुपारी, नाशिकहून आल्यावर, टायर तापलेले असताना. मीटर बरोबर दाखवतो, सकाळी गाडी कमी हवेवर निघते आणि टायर कडेनं झिजतो. तेव्हा गाडी फिरवायच्या आधी, गार टायरमध्ये हवा मोजायची. स्टेपनीचीसुद्धा.

शेठ: त्याचे किती?

टायरवाला: काही नाही.

शेठ: हेच मला पटत नाही. पन्नास लाखांच्या गाडीला फुकटाचा इलाज?

टायरवाला: फुकट नको असेल तर हवा मोजायचं चांगलं मीटर विकत घ्या आणि गाडीत ठेवा. किती हवा भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर छापलंय. आधी तेवढं त्याच्यावरचं प्लास्टिक काढा.