मेडिक्लेमची पॉलिसी कशी वाचावी (वाचायचीच असेल तर)

सर्वप्रथम मुहूर्त. पॉलिसी हाती आल्यापासून तीस दिवसांच्या आत उघडावी. या तीस दिवसांना ‘फ्री लूक’ म्हणतात. पटली नाही तर परत करता येते आणि थोडीफार कापाकापी होऊन पैसे मिळतात. आपल्याकडची रीत मात्र निराळी. पॉलिसी आली की ती कपाटात पैठणीखाली जाते आणि रुग्णवाहिका दारात आल्यावरच बाहेर येते. हल्ली ती मेलवर येते, त्यामुळे पैठणी चुरगळत नाही, एवढीच काय ती प्रगती.

साहित्य: जवळचा चष्मा, टोक केलेली पेन्सिल आणि ज्याने पॉलिसी गळ्यात मारली तो शाळेतला मित्र. यातली तिसरी वस्तू पहिला चेक वटल्यावर बाजारात मिळत नाही. दोन वस्तूंवर भागवावं.

आता शब्द. ‘सम इन्शुअर्ड’ हा आकडा लग्नकार्यात सांगण्यासाठी असतो. “आमचं पाच लाखांचं कव्हर आहे,” असं म्हणताना आवाज खाली आणावा. पाच लाख ही छपराची उंची झाली. खाली किती गळतं, ते पुढच्या पानांवर.

‘वेटिंग पीरियड’ नीट समजून घेतला की आजारपणाचं वेळापत्रक आखता येतं. पहिले तीस दिवस फक्त अपघात करावा, बाकी काही चालत नाही. मोतीबिंदू, हर्निया, पित्ताशयातले खडे यांना बहुतेक पॉलिसींत दोन वर्षं दम धरायला सांगावं. आधीपासून असलेल्या दुखण्यांसाठी कंपनी जास्तीत जास्त ३६ महिने थांबवू शकते. २०२४ च्या आधी ४८ महिने थांबवता येत असे, तेव्हा मधुमेह्यांनी विमा नियामकाचे आभार मानावेत.

या दुखण्यांचा फॉर्म भरताना मित्र हळूच म्हणतो, “बीपीचं कशाला लिहितोस, उगाच हप्ता वाढेल.” इथे मात्र थट्टा बाजूला ठेवून सांगतो: लिहा. सकाळची ती एक छोटी पांढरी गोळीसुद्धा लिहा. विम्याचा करार परम सद्भावावर उभा असतो, असं कायद्याची पुस्तकं सांगतात. हा सद्भाव ग्राहकाने फॉर्म भरताना दाखवायचा असतो, आणि त्याची तपासणी क्लेमच्या वेळी होते. सलग साठ महिने पॉलिसी चालली की सिद्ध झालेली फसवणूक सोडून कंपनीला जुनं उकरता येत नाही. पण साठ महिने ठणठणीत राहण्याची हमी कुठल्याच पानावर नाही.

‘को-पे’ म्हणजे टीटीएमएम, फक्त टक्केवारी त्यांनी ठरवलेली. ‘डिडक्टिबल’ म्हणजे पंगतीतला पहिला घास तुमच्या खिशातून. पुढे चला.

आता ‘रूम रेंट’. हे दोन शब्द भिंतीवर लिहून ठेवावेत. आमच्या वडिलांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं, तेव्हा पॉलिसी तीन लाखांची होती आणि खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला ३,००० रुपये. आई म्हणाली, “एवढं ऑपरेशन आहे, जरा बरी खोली घ्या.” बरी खोली ६,००० ची होती. खिडकीतून गुलमोहर दिसायचा. चार दिवसांचे वरचे १२,००० आपण भरू, असा हिशेब मी मनात केला आणि गुलमोहराकडे बघत बसलो.

डिस्चार्जच्या दिवशी ‘प्रमाणशीर कपात’ हा शब्द ऐकला. खोली मर्यादेच्या दुप्पट, म्हणून सर्जन, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग असं सगळं मिळून झालेलं १,२०,००० चं बिलही निम्मंच मंजूर. म्हणजे ६०,००० आमचे. औषधं आणि तपासण्यांना ही कात्री लावता येत नाही, तेवढं वाचलं. तो गुलमोहर आम्हाला ७२,००० ला पडला. फुलंही आली नव्हती.

(ज्या रुग्णालयात खोलीप्रमाणे बाकीचे दर बदलत नाहीत, तिथे ही कपात करता येत नाही. भरती होताना काउंटरवर हे विचारावं. काउंटरवरचा माणूस तुमच्याकडे पहिल्यांदाच मान वर करून बघेल.)

‘कॅशलेस’ रुग्णालयात जाताना रोकड सोबत ठेवावी. नियम असा की भरतीची मंजुरी तासाभरात आणि घरी सोडतानाची तीन तासांत मिळाली पाहिजे. तीन तासांपुढे रुग्णालयाने जादा आकार लावला तर तो कंपनीने सोसायचा. हे वाक्य पाठ करून टीपीएच्या, म्हणजे कंपनीच्या वतीने क्लेम बघणाऱ्या मध्यस्थाच्या, खिडकीशी मोठ्याने म्हणावं. मी म्हटलं. आतून उत्तर आलं, “फाइल वर गेलीये.” फाइल नेहमी वरच जाते.

बिलाच्या शेवटी ‘नॉन-पेएबल’ची शेपटी असते. जे देय नाही अशा ६८ वस्तूंची एक प्रमाणित यादीच आहे. त्यात हातमोजे आहेत, मास्क आहे, थर्मामीटर आहे, डायपर आहे, टीव्हीचा आकार आहे, आणि शवागाराचा आकारसुद्धा आहे. म्हणजे रुग्णाने मोज्यांशिवाय ऑपरेशन करून घ्यावं, टीव्ही बघू नये आणि काही झालं तरी शवागारापर्यंत जाऊ नये.

पटत नसेल तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी कळवावं आणि तीस दिवस वाट बघावी. मग विमा लोकपाल. मुंबईत कार्यालय आहे, पुण्यातही आहे. फी लागत नाही, वकील चालत नाही, आणि ५० लाखांपर्यंतची भरपाई ते देऊ शकतात. एवढी स्वस्त आणि सरळ गोष्ट असल्यामुळेच बहुधा तिची जाहिरात कोणी करत नाही.

आणि हो, पॉलिसीसोबत दोन-चार पानांचं ग्राहक माहितीपत्रक मिळतं. मोठी पोथी झेपत नसेल तर निदान तेवढं वाचावं. मागितलं तर आपल्या भाषेतही द्यावं लागतं. मी फोन करून मराठीत मागितलं. पलीकडच्या मुलीने “एक मिनट होल्ड कीजिए” म्हणून सतार लावून दिली. सतार चांगली होती.

त्या नॉन-पेएबल यादीत ‘किडनी ट्रे’ नावाची एक वस्तू आहे, वाटाण्याच्या शेंगेसारखी वाकलेली स्टीलची थाळी. आमच्या बिलात ती होती. पैसे आम्ही भरलेत तर वस्तू आमची, असं मी काउंटरवर म्हटलं. बराच वेळ कोणी काही बोललं नाही. मग एका मामांनी ती धुऊन, कागदात गुंडाळून आणून दिली. आता ती आमच्या दाराशी असते. स्कूटरच्या किल्ल्या त्यात बरोबर मावतात.