पत्रेपारखी

पत्रेपारखी हा कोकणात प्रामुख्याने मार्च ते जून या काळात आढळणारा गृहस्थ आहे. वय साठीच्या पुढे, नोकरी मुंबईत गोदीत किंवा एखाद्या वर्कशॉपात झालेली, गावी वडिलोपार्जित कौलारू घर. तो ओळखायला शर्टाचा खिसा पुरतो. खिशात पत्र्याचे तीन-चार रंगीत तुकडे, एक लोहचुंबक आणि कोणाकडून तरी मागून आणलेला मायक्रोमीटर असतो. चष्मा घरी विसरलेला असतो.

त्याची उत्पत्ती कौलातून होते. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि त्या घडणीची कौले पुढे सगळ्या किनारपट्टीवर पसरली. कौलांना वर्षाआड तरी शाकारणी लागते, शाकारणीला माणूस लागतो आणि माणूस मुंबईला असतो. वानर मात्र गाव सोडत नाहीत. फणसावरून थेट आढ्यावर उतरण्याची त्यांची वहिवाट जुनी आहे. एके दिवशी देवघरातून आभाळ दिसू लागते आणि पत्रेपारखी जाहीर करतो, “यंदा पत्रा घालायचा. पण बघून घालायचा.” यातले दुसरे वाक्य घरच्यांनी गांभीर्याने घ्यायला हवे असते.

बघण्याची सुरुवात इतिहासापासून होते. पत्र्याला पन्हळ पाडली की तो ताठ होतो, हे ओळखून हेन्री रॉबिन्सन पामर या लंडनच्या गोदीतील अभियंत्याने १८२९ मध्ये पेटंट घेतले. ही माहिती पत्रेपारखी रिक्षावाल्यापासून ग्रामसेवकापर्यंत सर्वांना देतो. आपणही गोदीत होतो, हा भाग त्यात ओघाने येतो.

पुढची पायरी तालुक्याच्या दुकानात. तिथे जस्ताचा मुलामा दिलेला साधा पत्रा असतो, ॲल्युमिनियमचा असतो, आणि ॲल्युमिनियम-जस्त मुलाम्याचा रंगीत पत्राही असतो. दुकानदार तिसरा पुढे करतो आणि “यात पंचावन्न टक्के ॲल्युमिनियम” असे सांगतो. पत्रेपारखी न बोलता चुंबक काढतो. चुंबक चिकटतो. फसवणूक उघडकीस आणल्याचे समाधान त्याच्या चेहऱ्यावर पसरते. दुकानदार खरे तेच सांगत असतो. पंचावन्न टक्के हे प्रमाण वरच्या पातळ मुलाम्यातले. उरलेल्यात बहुतांश जस्त आणि थोडे सिलिकॉन असते. आतला गाभा पोलादाचाच. “काका, तो आतल्या लोखंडाला चिकटतोय,” एवढे समजावून होईपर्यंत दुकान बंद करायची वेळ होते.

जाडीच्या प्रश्नावर मात्र त्याचा संशय योग्य असतो. गेजचा आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ, ही गोष्ट नवख्याला उलटी वाटते आणि काही दुकाने ती उलटीच राहू देतात. अर्धा मिलिमीटर म्हणून दाखवलेल्या जाडीत मुलामा आणि रंगही मोजलेले असू शकतात. म्हणून पोलादाची जाडी वेगळी विचारावी लागते आणि मुलामा चौरस मीटरला किती ग्रॅम आहे, हेही. पत्रेपारखी हे दोन्ही विचारतो, वहीत लिहून घेतो आणि दुसऱ्या तालुक्याच्या दुकानात जाऊन तेच परत विचारतो. वही भरते. एप्रिल संपतो.

रंगाबाबत तो हट्टी असतो. घर कौलारू दिसले पाहिजे म्हणून त्याला विटकरीच हवा. फिका रंग ऊन परतवतो आणि गडद रंग ते पिऊन माजघर तापवतो, हे त्याला ठाऊक असते. शेजाऱ्याला त्याने ते सांगितलेलेही असते. पावसाच्या आवाजावर त्याचा युक्तिवाद असा, की सरी कोसळत असताना घरात बोलणे ऐकू येत नाही, तेव्हा पत्रा हा संसाराला पोषक आहे. पत्नी त्याला जुना माळा न काढण्याचे सुचवते. आवाज आणि उष्णता दोन्हींवर हा सर्वांत स्वस्त इलाज असल्याने त्यावर चर्चा होत नाही.

वाऱ्याचा विषय निघाला की त्याला कंठ फुटतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन, मुरूड, दापोली, मंडणगड या भागांत छपरेच्या छपरे उडाली. कोणाचा पत्रा कोणाच्या बागेत सापडला, हे त्याला तोंडपाठ असते. त्यावर त्याचा उपाय म्हणजे छपरावर जांभ्याचे चिरे ठेवणे. वारा पत्र्याला वरून दाबत नाही, उचलतो. ओढ सर्वांत जास्त असते ती कडांना आणि कोपऱ्यांना, आणि पडवीच्या पुढे आलेल्या पाख्याला खालूनही धक्का बसतो. तिथे स्क्रू जवळजवळ लागतात. वादळात उचललेल्या पत्र्यावरचा चिरा खाली कोणाच्या डोक्यावर येईल, एवढाच प्रश्न उरतो.

आणि स्क्रूपाशीच या प्रजातीचे खरे लक्षण प्रकट होते. तीन महिने मायक्रोमीटर घेऊन फिरलेला माणूस स्क्रूच्या पुडीकडे पाहतही नाही. “ते फॅब्रिकेटर बघेल.” फॅब्रिकेटर बघतो, म्हणजे स्वस्त बघतो. टिकाऊ पत्र्यावर हलके स्क्रू आणि उन्हात तडकणारे वॉशर बसतात. पत्रे ग्राइंडरने कापले जातात. त्यात कडेचा मुलामा जळतो आणि उडालेला तापलेला कीस पत्र्यावरच गंजत राहतो. गिलाव्याचे ओले सिमेंट पत्र्यावर सांडते आणि ॲल्युमिनियमचा मुलामा खाते. पहिली गळती भोकातून सुरू होते. पत्रेपारखी कंपनीला पत्र लिहितो आणि पुन्हा चुंबक काढतो.

समुद्राजवळच्या घरात आणखी एक गोष्ट घडते. पाऊस पत्र्याची वरची बाजू धुतो, म्हणून ती टिकते. वळचणीच्या आतल्या बाजूला खारा वारा मीठ आणून ठेवतो, ते कोणी धुवत नाही आणि गंज तिथे धरतो. पत्रेपारखी छपराची पाहणी शिडीवरून, वरूनच करतो.

ज्यांच्या घरात असा गृहस्थ आहे त्यांनी पत्र्याचा विषय त्याच्यावर निर्धास्त सोपवावा. स्क्रू आणि वॉशर मात्र स्वतः चांगल्यातले आणावेत, कापायला कात्री वापरायला लावावी, वळचण आतून वर्षातून दोनदा गोड्या पाण्याने धुवावी, आणि छपराचे काम मेच्या पहिल्या आठवड्याआधी उरकावे. नंतर फॅब्रिकेटर फोन उचलत नाही.