घरची मेथी : पेरणीपासून वाटपापर्यंत

साहित्य : वाणसामानाच्या डब्यातले दोन मूठ मेथीदाणे, एक पसरट टब, माती, शेणखत आणि घरात इतर कुणी फारसं कामाला लावत नाही असा एक गृहस्थ. आमच्याकडे हे शेवटचं साहित्य मी स्वतः होतो.

मेथीला थंडी मानवते, म्हणून दिवाळी आटोपली की लागावं. दाणे रात्रभर भिजत घालावेत. पिकाला पहिला धोका इथेच असतो. सकाळी उठून पाहावं तर वाटी रिकामी. आईने ती 'शुगरसाठी कुणीतरी भिजवून ठेवलेली' समजून पाण्यासकट घेतलेली असते आणि वर तिला बरंही वाटत असतं. दुसऱ्या खेपेस वाटीवर 'बियाणे' अशी चिठ्ठी लावावी.

मेथीला खोल माती लागत नाही, वीतभर पुष्कळ झाली. टबाच्या तळाला मात्र भोकं हवीत, नाहीतर मुळं कुजतात. भोकं पाडताना आपल्या बाल्कनीखाली कुणाची दोरी आहे हे आधी वाकून पाहावं. मी नंतर पाहिलं. खालच्या मजल्यावरच्या काकूंची पांढरी चादर होती आणि तिच्यावर शेणखताचं पाणी एका धारेत उतरत होतं. अशा वेळी वाद घालू नये. "काकू, पहिली भाजी तुमच्याकडे," असं सांगून मोकळं व्हावं. पीक उभं राहण्याआधीच ते असं गहाण पडतं. महिनाभरात मी वॉचमनला, बहिणीला आणि ऑफिसातल्या दोघांना हाच शब्द दिला.

दाणे दाट पेरून वर बोटाच्या पेराइतकीही माती टाकू नये, नुसती भुरभुरावी. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मातीला बारीक तडे जातात आणि मान वाकवलेले पांढुरके कोंब वर येतात. काहींच्या डोक्यावर दाण्याचं टरफल अजून टोपीसारखं असतं. ही टोपी नखाने काढण्याचा मोह होतो. काढू नये, मान मोडते. पहिली दोन पानं जाडसर, लांबट निघतात आणि घरातले लोक "हे काहीतरी दुसरंच उगवलंय" म्हणतात. खरं त्रिदळ पान मागाहून येतं. तोवर धीर धरावा आणि कुटुंबाच्या ग्रुपवर फोटो टाकणं आवरावं. मी रोज टाकत होतो. नवव्या दिवशी आत्याने ग्रुप सोडला.

कबुतरांसाठी जाळी लावावी. जाळी लावल्यावर कबुतरं जाळीवर बसतात, आणि मग जे व्हायचं ते पानांवर होतं.

साधारण महिन्याने तोडणी. वरवर खुडली तर आणखी एक तोड मिळते, हे मला ठाऊक होतं. पण वडील जवळ उभे राहून "मेथी मुळासकट उपटायची असते, माळव्याची रीत आहे," असं चारदा म्हणाले तर पाचव्यांदा आपण उपटतोच. एक जुडी निघाली. बाजारात ती वीस रुपयांना मिळते आणि मागितली तर कोथिंबिरीच्या दोन काड्याही वर पडतात, हे त्या दिवशी घरात कुणी बोलू नये.

निवडायला वर्तमानपत्रावर बसावं. कोवळे देठ घ्यावेत, जून टाकावेत. कोवळं-जून ठरवायचं कसं, तर देठ मोडताना 'कट्' वाजला तर कोवळा आणि दोरा निघाला तर जून. धुताना पाला पाण्यात बुडवून वर उचलून घ्यावा. पाणी चाळणीत ओतलं तर तळाची माती पुन्हा पाल्यावरच येते. असं तीन पाण्यांतून.

आता कढई. तेलात ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, कांदा. इथे बायकोने भिजवलेली मूगडाळ पुढे केली. "घाल, नाहीतर पुरायची नाही," म्हणाली. मूगडाळ हा पालेभाजीतला भराव आहे आणि घरच्या मेथीची शुद्ध चव कळली पाहिजे, या मुद्द्यावर मी ती नाकारली. पाला टाकला तेव्हा कढईवर डोंगर झाला. त्या डोंगराकडे बघून मी मीठ घातलं. पालेभाजीत मीठ शेवटी घालतात, हे मराठी घरात वाढलेल्या पोरालाही सांगावं लागत नाही. पाल्यात पाणीच फार. आच लागली की पानं मान टाकतात, मीठ उरलंसुरलं पाणी ओढून काढतं. झाकण ठेवू नये, रंग काळपट होतो, एवढं मात्र मी पाळलं. त्यामुळे सगळा प्रकार उघड्यावर, सहा जणांच्या डोळ्यांदेखत घडला. डोंगराची टेकडी झाली, टेकडीची मूठ झाली. मीठ होतं तेवढंच राहिलं.

खारट भाजीवर उपाय आहे. चणाडाळीचं पीठ कोरडं भाजून वरून भुरभुरायचं, म्हणजे पीठ पेरायचं. बायकोने माझ्या हातून कढई घेतली आणि या हंगामातली दुसरी पेरणी तिने केली. भाजी खाण्याजोगी झाली, थोडी वाढलीही. भरली एक वाटी.

वाटपाचे नियम सोपे आहेत. वॉचमन, बहीण आणि ऑफिस यांना फोटो दाखवावा. घरच्यांना भाकरीच्या टोकाला लागेल इतकी द्यावी. धाकटा मेथीला तोंड लावत नाही, त्याच्याकडून प्रथमच मदत होते. पण काकूंची चादर विसरता येत नाही. उरलेली अर्धी वाटी झाकून मी स्वतः खाली नेऊन दिली. काकूंनी चव घेतली आणि "घरच्याची सर नाही हो," म्हणाल्या. नेमकं कुणाच्या घरच्याची, ते मी विचारलं नाही.

दुसरी गोष्ट मी विसरलो होतो. शेजारची वाटी रिकामी परत द्यायची नसते. संध्याकाळी ती काठोकाठ भरून वर आली. धाकट्याने झाकण उचललं, वास घेतला आणि तसंच परत ठेवलं. शेपू होता.