परस्पर पदवी

कोल्हापूरच्या विद्यार्थ्याने अखेर अभ्यासाच्या जाचातून स्वतःची सुटका करून घेतली, याबद्दल त्याचा जाहीर सत्कार व्हायला हवा. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी आलं आणि तोवर गाईड, मागच्या बॅचच्या वह्या आणि झेरॉक्सचं दुकान यांवर कसाबसा तग धरून असलेला हा जीव मोकळा झाला. गाईडमध्ये एक मोठी खोट होती. ते हाताने उतरवून काढावं लागे, आणि उतरवताना चार ओळी नकळत डोक्यात शिरत. आता तीही भीती उरली नाही.

प्रकल्पाचंच घ्या. विषय समजा, ‘कोल्हापुरी चप्पल आणि बौद्धिक संपदा’. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारखी चप्पल मांडली आणि कोल्हापूरचं नावसुद्धा घेतलं नाही. गाव पेटून उठलं. २०१९ पासून महाराष्ट्र-कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांकडे या चपलेचं भौगोलिक मानांकन आहे, आणि हे परके शेठ आमच्या कारागिराची कला आपल्या नावावर खपवतात म्हणजे काय? पोरांनी स्टेटस ठेवले. भारतीय पारंपरिक पादत्राणांवरून प्रेरणा घेतल्याचं शेवटी कंपनीला कबूल करावं लागलं. या संतापावरचा जाडजूड प्रकल्प आपला विद्यार्थी रात्री दीड वाजता यंत्राकडून लिहून घेतो, वर स्वतःचं नाव घालतो आणि सकाळी स्पायरल बाइंडिंग करून जमा करतो. दुसऱ्याच्या कामावर आपलं नाव लावणं किती निंद्य, हे त्यात फार परिणामकारक मांडलेलं असतं.

वेळ किती वाचतो बघा. सुभाषनगर, जवाहरनगरात चप्पल आजही हाताने शिवली जाते. तिथं जायचं म्हणजे गाडीला किक मारा, कुणाच्या तरी दारात बसा, “काका, हे कातडं कशानं कमावत्यात?” असं विचारा, मग बाभळीची साल, हिरडा, चपलांचे कापशी, पुकरी असले प्रकार हे सगळं ऐकून घ्या. वर चहा प्यावा लागतो तो वेगळाच. यंत्र कॉटवरून उठायला न लावता कारागिरांच्या मुलाखती देतं. त्यातला चप्पल शिवणारा म्हातारा म्हणतो, “पारंपरिक व्यवसायासमोर आज बहुआयामी आव्हाने उभी ठाकली आहेत.” प्रत्यक्षात गेलं असतं तर इतकं शुद्ध मराठी कानावर पडलं असतं का?

मधल्याच एका पानावर ओळ येते, “नक्कीच! हा परिच्छेद विद्यार्थ्याने स्वतः लिहिल्यासारखा करून देत आहे.” काही मास्तर ही ओळ राहिली म्हणून कुरकुरतात. मला तर अख्ख्या प्रकल्पात तेवढीच प्रामाणिक वाटते.

संदर्भसूचीही देखणी असते. लेखक, वर्ष, प्रकाशक, पृष्ठ क्रमांक, सगळं जिथल्या तिथं. पुस्तक तेवढं नसतं. १८५० पासून चाललेल्या करवीर नगर वाचन मंदिरातही ते सापडत नाही, यात दोष अर्थातच वाचन मंदिराचा. असे न लिहिले गेलेले संदर्भ दिल्याबद्दल न्यूयॉर्कमध्ये २०२३ मध्ये वकिलांना पाच हजार डॉलरचा दंड झाला. मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये प्राप्तिकर खात्याचा एक आदेश रद्द केला, कारण त्यात आधाराला घेतलेले निकाल कुणी दिलेलेच नव्हते. आपल्याकडे कोल्हापुरात १८ ऑगस्ट २०२५ पासून त्याच न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आहे, म्हणजे आमच्या पोरांना असल्या कामासाठी मुंबईला हेलपाटा मारायला नको.

विद्यापीठ अनुदान आयोगाची चाळणीही अडवत नाही. २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर शिक्षा नाही, आणि यंत्र तर दरवेळी नवाच मजकूर देतं. चोरी सापडायला आधी मूळ मालक सापडावा लागतो.

वर्गात दोन-चार जुनाट पोरं निघतातच. ती आधी मोडकंतोडकं का होईना स्वतः लिहितात आणि मग यंत्राला विचारतात, “यात चुकलंय कुठं?” न समजलेला मुद्दा तीन तऱ्हांनी समजावून घेतात. यंत्राने दिलेलं पुस्तक खरंच आहे का, हे ग्रंथालयात जाऊन बघतात. कहर म्हणजे पहिल्याच पानावर लिहून टाकतात की अमुक भागासाठी यंत्राची मदत घेतली. सरांनी न विचारता! अशा मुलांपासून लांब राहावं, संगतीनं शिकायची सवय लागते.

राहता राहिली तोंडी परीक्षा. मोबाईल बाहेर ठेवायचा आणि आत जायचं, असला रानटी प्रकार अजून चालू आहे. सर सहज विचारतात, “कापशी चप्पल ओळखायची कशी रे?” आणि ज्याच्या प्रकल्पात तिच्यावर अख्खं प्रकरण आहे, तो पोरगा स्वतःच्या पायातल्या बुटांकडे बघत बसतो. हा सरळसरळ अन्याय आहे. संबंधितांनी तोंडी परीक्षा ताबडतोब बंद करावी. ते जमत नसेल, तर निदान प्रश्न प्रकल्पाच्या खऱ्या लेखकाला विचारावेत. तो चोवीस तास हजर असतो.