‘गाडी कधीच तापली नाही, साहेब!’
(पहिल्यांदाच जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी)

साहित्य : टॉर्च, पांढरा रुमाल, मोकळा वेळ आणि विकणाऱ्याच्या सौजन्याबद्दल पुरेसा संशय.

१. ठरल्या वेळेच्या तासभर आधी पोहोचा. बॉनेट गरम लागलं, तर मालकाने खास तुमच्यासाठी इंजिन तापवून ठेवलंय. एवढी सरबराई सख्खा मामाही करत नाही. उद्या पहाटे, न कळवता, पुन्हा जा.

२. इंजिन थंड असतानाच रेडिएटरचं झाकण उघडा. गरम असताना उघडलंत, तर पुढच्या पायऱ्या दवाखान्यात वाचाव्या लागतील. आत रंगीत कूलंट हवं. गंजाचं तांबडं पाणी दिसलं, तर गाडी नळावर वाढलेली आहे. वर तेलाचा तवंग असेल, तर तो मिसळीवर शोभतो, इथे नाही.

३. ऑइलचं झाकण काढून आतून रुमालाने पुसा. पांढरट चिकटा निघाला, की मालक म्हणेल, ‘थंडीत होतं हो!’ पंचाईत अशी, की हे खरंही असू शकतं. जवळच्याच फेऱ्या मारणाऱ्या गाडीत वाफ साचते. म्हणून डिपस्टिक बघा. तिथलं तेलही दुधाळ असेल, तर थंडी निर्दोष सुटली.

४. इंजिन चालू करा. पहिली एक-दोन मिनिटं रेडिएटरमध्ये डोकावा. बुडबुडे थांबतच नसतील, तर बहुतेक हेड गॅसकेट गेलंय. आता झाकण लावा. इंजिन तापल्यावरही सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येत राहिला, तर कूलंट जळतंय.

५. एसी लावून अर्धा तास फिरवा. टेम्परेचरचा काटा तळापासून हललाच नाही, तर खूश होऊ नका. वायर काढलेली असू शकते. एसी बंद असतानाही चावी फिरवताच रेडिएटरचा पंखा सुरू होऊन थांबतच नसेल, तर तो सेन्सर टाळून ‘डायरेक्ट’ केलेला असू शकतो. का केला, हे विचारा आणि उत्तरापेक्षा चेहरा बघा.

६. ‘हेडचं काम नुकतंच केलंय’ हे वाक्य कौतुकाने ऐका आणि फेसिंगचं, म्हणजे हेड घासून सपाट केल्याचं, बिल मागा. ॲल्युमिनियमचं हेड अति तापलं की वाकू शकतं, आणि अनेक इंजिनांना ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त वाक चालत नाही. हेड न उतरवता तो दिसत नाही.

७. शेवटी आपल्या मेकॅनिककडून कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या. शेजारच्या दोन सिलिंडरांचं प्रेशर कमी आलं, तर त्यांच्यामधलं गॅसकेट फुटलं असण्याची दाट शक्यता. मालकाने टेस्टलाच नकार दिला, तर टेस्ट झाली असं समजा आणि रिक्षाने घरी या.