गोट्यांच्या समुद्राचा व्हिसा

ती. आईस,


पार्सल मिळालं. कुळथाचं पीठ धड आलं, मेतकुटाची पिशवी मात्र फुटली आणि फणसपोळीला सगळा मेतकुटाचा वास. मंदार म्हणतो, बरी लागतेय. कुकर लावलाय, शिट्ट्या होईपर्यंत लिहिते.

सुमाकाकूच्या बोअरला पाणी लागलं हे फार छान. पण आता विहिरीवरून भांडायला तिला कोण उरलं? तिची तब्येत सांभाळा.

तू फोनवर विचारलंस, गुहागरच्या पोरीने समुद्र बघायला फ्रान्सला कशाला जायचं? अगं, मेअखेरीच्या सुट्टीतली मुंबईची तिकिटं बघून मंदारने लॅपटॉपच मिटला. लंडनहून नीस दोन तासांवर, आणि विमानही स्वस्त. महाग आहे ती परवानगी! इथे राहायचा परवाना असला तरी आपल्या पासपोर्टला शेंगेन व्हिसा लागतोच. मोठ्यांना 90 युरो, ओवीला 45. तिघांचे 225, म्हणजे बावीस हजार रुपयांच्या वर, आणि अजून उंबरा ओलांडलेला नाही. अर्ज घेणाऱ्यांची दक्षिणा वेगळीच.

शिवाय कागद. बँकेचं स्टेटमेंट, ऑफिसचं रजेचं पत्र, हॉटेलचं बुकिंग, परतीचं तिकीट आणि कमीत कमी 30,000 युरोचा विमा. त्यात आजारपण तर आहेच, वेळ आली तर पार्थिव घरी पोचवायचा खर्चसुद्धा! मंदारने हे जेवताना मोठ्याने वाचून दाखवलं. कुठल्या दिवशी कुठे जाणार तेही लिहायचं. मी लिहिलं, सकाळी समुद्र, दुपारी समुद्र, संध्याकाळी समुद्र. त्याने दुपार खोडून तिथे चित्रकार मातीसचं संग्रहालय घातलं, माणसं जरा सुसंस्कृत दिसावीत म्हणून. ओवी रुसलीय, कारण बोटांचे ठसे आमचे दोघांचेच घेणार. बारा वर्षांखालच्यांना माफी आहे.

बरं, नीसचा तो समुद्राकाठचा प्रसिद्ध रस्ता 1820च्या दशकात इंग्रजांनीच पैसे जमवून करायला घेतला. इथल्या थंडीला कंटाळून हिवाळाभर तिकडे जाऊन राहायचे ना! त्यांच्याकडे मागितलं असेल कुणी बँकेचं स्टेटमेंट?

आता पुढचं वाचून हसू नकोस. तिथे वाळू नाही, गोटे आहेत. आणि गोटे तर ब्रायटनलाही आहेत. म्हणजे इकडच्या गोट्यांवरून उठून तिकडच्या गोट्यांवर बसायला एवढा खटाटोप. पाय पसरायला आरामखुर्ची हवी असेल तर दिवसाचं भाडं वीस-तीस युरो. बाबांची ती कॅनव्हासची खुर्ची विकू नका, तिकडे पोट भरेल तिच्यावर.

मंदारच्या जेवणाची काळजी सोड. तिथे सोक्का मिळतो. चण्याचं पीठ, पाणी, मीठ, ऑलिव्हचं तेल. तांब्याच्या मोठ्या परातीत लाकडाच्या भट्टीत भाजतात आणि वर मिरपूड. तुझं बेसनाचं धिरडंच, फक्त कांदा-कोथिंबीर घालायची राहिली.

बाबांना मात्र एक गोष्ट सांगू नकोस. नीसमध्ये रोज दुपारी बाराला टेकडीवरून बार उडतो. म्हणे दीडशे वर्षांपूर्वी तिथे राहणाऱ्या एका स्कॉटिश साहेबाची बायको गप्पांत रमून जेवायला उशिरा यायची, म्हणून त्याने तोफेची सोय केली. बाबांना कळलं तर बाराच्या पानासाठी गोपाळगडावरून बार काढतील.

परवा शाळेत ओवीला समुद्राचं चित्र काढायला सांगितलं. तिने करडा काढला, वर करडंच आभाळ. बाईंनी शाबासकीचा तारा चिकटवला. चूक काहीच नाही गं, तिने पाहिलेला समुद्र तसाच आहे. पण मला त्या रात्री झोप लागेना. आपल्याकडे संध्याकाळी ओहोटीचं पाणी पायावरून मागे जाताना तळव्यांखालची वाळू सरकते, ते तिला सांगायला गेले तर म्हणाली, ‘म्हणजे पडायला होतं?’ पुढे मला काही सांगवेना. तेव्हा गोटे तर गोटे, निळं पाणी एकदा दाखवून आणते. वाळूचं नाताळात बघू.

शिट्ट्या झाल्या. आणि पिंट्याचं लग्न ठरलं ही बातमी तू ‘ठेवते आता’ म्हणून झाल्यावर सांगितलीस! असलं आधी सांगावं, गुडघे नंतर. मुहूर्त डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यातला धरायला सांग, त्याआधी शाळा सुटत नाही. गुरुजी कुरकुरले तर त्यांना म्हणावं, फ्रान्सवाले याहून जास्त कागद मागतात. मुलीचा फोटो पाठव, आणि बाबांच्या त्या फोनने काढू नकोस, त्यात सगळ्यांची डोकी कापली जातात.

तुझी,
बेबी