आठ आत, सहा बाहेर

आमच्या भोसरीच्या गाळ्यातल्या रबर प्रेसला कामाच्या मध्येच जांभया देण्याची सवय आहे. ती मुद्दाम लावलेली असते. तापलेल्या साच्यात कच्चं रबर ठेवलं, खालची प्लेट वर चढली, दाब भरला, की लगेच क्षणभर तोंड उघडायचं, आत कोंडलेली हवा सोडायची आणि पुन्हा मिटायचं. असं दोन-तीनदा. याला बंपिंग म्हणतात. ते चुकलं तर गॅस्केटला फोड येतात आणि ग्राहकाच्या कपाळाला आठ्या. त्यानंतर ठरलेली मिनिटं, दीडशे अंशांच्या वरच्या उष्णतेत, तोंड गच्च मिटून बसायचं. तेवढ्यात रबर पिकतं. लवकर उघडलं तर कच्चं राहतं.

ही सगळी शिस्त इतकी वर्षं एका निळ्या पत्र्याच्या कपाटात नांदत होती. कपाटात रिले, टायमर, कॉन्टॅक्टर, ओव्हरलोड आणि एक वाळलेली पाल. ड्रॉइंग नव्हतं. म्हणजे होतं, पण ते वायरमन मामांच्या डोक्यात होतं आणि मामा दर चैत्रात डोक्यासकट गावच्या जत्रेला जायचे. प्रेस नेमकी तेव्हाच बिघडायची.

या पिकण्याचा, म्हणजे क्युरिंगचा, टायमर कपाटाच्या दारावर होता, गोल खुंटीचा. शिफ्ट संपायच्या सुमारास ती खुंटी आपोआप डावीकडे सरकायची आणि पाच मिनिटांचं रबर साडेतीनात पिकायचं. ती कोण सरकवतं हे आजतागायत कुणी पाहिलेलं नाही. पुढे एकदा ग्राहक कंपनीचा ऑडिटर आला. त्याने खुंटीकडे बोट करून विचारलं, "हे सेटिंग कोण बदलू शकतं?" आमचा सुपरवायझर अभिमानाने म्हणाला, "कोणीही, सर."

त्या उत्तराची लेखी प्रत आम्हाला लाल शेऱ्यासह मिळाली आणि पीएलसी, म्हणजे प्रोग्रामवर चालणारा कंट्रोलर, घ्यायचं ठरलं.

लग्नाच्या मुलीला स्थळं सुचवणारे नातेवाईक कमी पडावेत इतकी माणसं पीएलसी सुचवायला पुढे येतात. पहिले आले ते आमचे एक मित्र. मोठ्या मोटार कारखान्यात मेन्टेनन्सला हयात घालवून निवृत्त झालेले. म्हणाले, "सीमेन्सचा ट्वेल्व्ह हंड्रेड घे. डोळे झाकून." डोळे झाकून घेणं त्यांना परवडत होतं, कारण त्यांचं बिल दुसऱ्याच इमारतीत जायचं. वस्तू उत्तम, यात वाद नाही. पण तिचा प्रोग्राम लिहायचं सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागतं आणि ते चालवायला तगडा लॅपटॉप लागतो. आमच्या ऑफिसातल्या संगणकाला टॅली उघडतानाच धाप लागते. नाकापेक्षा मोती जड, आणि इथे तर मोत्याला पेलायला वेगळं नाक घ्यावं लागत होतं. याच सीमेन्सचा धाकटा लोगो १९९६पासून बाजारात आहे. तो मला मनापासून आवडला. छोटा पडदा, मोजकी बटणं, संगणक नसला तरी बोटांनी प्रोग्राम भरता येतो. पण त्याची मूळ पेटी आठ आत आणि चार बाहेर अशी. आम्हाला बाहेर सहा हवे होते, म्हणजे शेजारी दुसरी पेटी आली.

हे आत-बाहेर प्रकरण मला पॅनेलवाल्याने शिकवलं. पॅनेलवाला मशीन बघत नाही, चहा घेत नाही, थेट विचारतो, "साहेब, किती आयओ?" मशीनकडून कंट्रोलरला किती खबरा येणार आणि कंट्रोलरकडून मशीनला किती हुकूम जाणार, याचा हा हिशेब. आम्ही बोटं मोजायला बसलो. दोन हातांची दोन बटणं, प्लेट वरची लिमिट, खालची लिमिट, प्रेशर स्विच, ऑटो-मॅन्युअलचा स्विच, ओव्हरलोड. सात झाले. बाहेर मोटर, चढती, उतरती, दाब सोडणारा व्हॉल्व्ह, हूटर, दिवा. सहा. आठ-सहाची चौदा पॉइंटांची पेटी बरोबर बसली आणि एक आत शिल्लक राहिला. त्या एका जागेसाठी गाळ्यात निवडणुकीचं वातावरण तयार झालं. सुपरवायझरला तिथे नग मोजणारा सेन्सर हवा होता, माझ्या मुलाला तेलाची पातळी. मामांचं म्हणणं, ती जागा रिकामी ठेवा, एखादा आत जळाला तर वायर तिथे हलवता येईल. मामा जिंकले. पॅनेलवाला नंतर म्हणाला की जाणकार लोक वीसेक टक्के जागा मोकळी ठेवतातच. मामांना टक्केवारी माहीत नव्हती, जळणं माहीत होतं.

इमर्जन्सी स्टॉप यात धरला नव्हता हे चाणाक्ष वाचकाच्या लक्षात आलं असेल. तो मामांनी धरू दिला नाही. "लाल बटण दाबल्यावर कुणी विचार करत बसायचं नाही," असं म्हणून त्यांनी ते सरळ कॉन्टॅक्टरच्या वाटेत टाकलं. पुस्तकंही हेच सांगतात, जरा जास्त पानांत.

मग आला माझा भाचा. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. "मामा, एवढे पैसे? मी अर्डुइनोवर करून देतो." आमच्या जेवणाच्या टेबलावर त्याने खरोखरच अख्खी प्रेस उभी केली, म्हणजे सहा एलईडी लावले आणि ते ठरल्या क्रमाने लुकलुकले. बहिणीच्या डोळ्यांत पाणी आलं. रविवारी बोर्ड प्रेसला जोडला. मोटर सुरू झाली, प्लेट चढली, आणि कॉन्टॅक्टर पडताक्षणी बोर्डाला स्मृतिभ्रंश झाला. तो पहिल्यापासून सुरू. भाच्याने कोड तपासला. कोडात काही नव्हतंच. कॉन्टॅक्टरची किंवा सोलेनॉइडची कॉइल बंद होताना उलटा झटका मारते. पाच व्होल्टांवर जगणाऱ्या बोर्डाला तो झटका म्हणजे दारात फुटलेला सुतळी बॉम्ब. पीएलसी चोवीस व्होल्टांवर ऐकतो, आत येणारी खबर प्रकाशाच्या फटीतून पलीकडे पाठवतो, त्यामुळे बाहेरची वीज त्याच्या मेंदूला हात लावत नाही. भाचा हे सगळं परीक्षेत लिहून आला होता, पूर्ण गुणांसह. तोच पुढे म्हणाला की अर्डुइनोवाल्यांनी आता कारखान्यांसाठी ऑप्टा नावाचा चोवीस व्होल्टांचा कंट्रोलर काढला आहे. किंमत पाहिली. ती पीएलसीच्याच घरात होती.

विक्रेत्यांचा एक वेगळा वर्ग असतो. त्यातल्या एकाने पिशवीतून, खोका नसलेला, हिरवा बोर्ड काढला. "मित्सुबिशीच्या एफएक्सचा प्रोग्राम जसाच्या तसा चालतो. सेम टू सेम." किंमत दोन-तीन हजार. माहितीपत्रक चिनी भाषेत. असे बोर्ड चालतात, मी स्वतः चालताना पाहिलेत. मी एवढंच विचारलं, "बंद पडला तर?" तो मोकळेपणाने म्हणाला, "दुसरा घ्यायचा." या धंद्यात मला मिळालेलं ते सर्वांत प्रामाणिक विक्रीपश्चात सेवेचं आश्वासन.

या सगळ्यांत माझ्यावर खरा परिणाम केला तो शेजारच्या गाळ्यातल्या काकांनी. त्यांचं पॅकिंग मशीन नामांकित पीएलसीवर चालतं. त्याला बनवणाऱ्याने पासवर्ड घातला, मशीन विकलं, पैसे घेतले आणि धंदा बंद करून तो कुठेसा निघून गेला. आता काकांना पिशवीची लांबी बदलायची आहे. कंट्रोलर ठणठणीत आहे, प्रोग्राम आत आहे, पण उघडत नाही. गेली कित्येक वर्षं काका त्याच लांबीच्या पिशव्या विकतात आणि ग्राहकाला सांगतात की ही आमची खासियत आहे.

काकांकडे चहा पिताना माझा हिशेब पक्का झाला. कंट्रोलरची किंमत ही त्याच्या किमतीतली सगळ्यात छोटी रक्कम आहे. रात्री अकरा वाजता प्रेस तोंड मिटून बसली की कोण येणार, त्याला आतलं वाचता येणार का, आणि सकाळी सुटा माल जवळच्या बाजारात मिळणार का, यावर तो स्वस्त की महाग ते ठरतं. घरच्या मालाचाही विचार केला. टायमरसाठी नावाजलेली जीआयसी आमच्याच भोसरीची, पीएलसी बनवणारी मेसुंग पुण्याची. पण आमच्या ओळखीतला प्रोग्राम लिहिणारा जो पोरगा होता, दोन गल्ल्या सोडून राहणारा, फोन उचलणारा, त्याचा हात डेल्टावर बसलेला होता. तैवानच्या डेल्टाची चौदा पॉइंटांची पेटी तळहाताएवढी, सॉफ्टवेअर फुकट. मी पेटी निवडली नाही, पोरगा निवडला. पेटी त्याच्याबरोबर आली.

फुकट सॉफ्टवेअरची वसुली केबलने केली. पेटीच्या गोल, आठ टाचण्यांच्या तोंडाशी जुळेल असं भोक आजच्या एकाही लॅपटॉपला नसतं. मग चोवीस व्होल्टांचा सप्लाय, इंटरफेस रिले, फेरूल, चॅनेल, कॉइलींवर लावायचे डायोड आणि स्नबर. जुन्या लिमिट स्विचांच्या जागी प्रॉक्सिमिटी सेन्सर घ्यायला मी तापकीर गल्लीत गेलो. दुकानदाराने मान वर न करता विचारलं, "एनपीएन की पीएनपी?" मी म्हटलं, "चांगला द्या." दुकानातली सगळी गिऱ्हाइकं माझ्याकडे वळली. एक सेन्सर लागला की प्लस देतो, दुसरा मायनस. तपकिरी, निळी, काळी अशा तिन्ही वायरी दोघांना सारख्याच, दिसायला जुळे भाऊ. मी पोराला फोन लावून दुकानदाराच्या कानाला दिला. दोन मिनिटं ते दोघं माझ्या पैशांबद्दल अतिशय आपुलकीने बोलले.

काम सुरू होताना धास्ती होती ती मामांची. माणसाने उभं आयुष्य रिलेत काढलेलं, संगणकाला हात न लावलेला. पोराने लॅपटॉपवर प्रोग्राम उघडला आणि मामा चष्मा पुसून पुढे सरकले. डाव्या हाताला एक उभी रेघ, उजव्या हाताला एक, मध्ये पायऱ्या. पायरीवर कॉन्टॅक्ट, शेवटी कॉइल. "हे तर आपलंच पॅनेल आहे," मामा म्हणाले. "कुणी काढलं?"

ज्याने काढलं त्याची गोष्ट मला फार आवडते. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या गिअरबॉक्स बनवणाऱ्या हायड्रामॅटिक विभागात रिलेंनी भरलेली कपाटंच्या कपाटं होती आणि गाडीचं मॉडेल बदललं की ती सगळी वायरिंग उसवावी लागायची. असल्याच कटकटींवर उपाय म्हणून डिक मॉर्ली नावाच्या इंजिनिअरने १ जानेवारी १९६८ रोजी पीएलसीची कल्पना कागदावर उतरवली. आदल्या रात्रीची उतरलेली नव्हती, हे त्यानेच नंतर सांगितलं. त्याच्या बेडफर्ड असोसिएट्सचा तो चौऱ्याऐंशीवा प्रकल्प, म्हणून यंत्राचं नाव मॉडिकॉन ०८४. त्याला पंखा नव्हता आणि बंद करायचं बटणही नव्हतं. पण खरी हुशारी पुढे आहे. या मंडळींनी वायरमनला नवी भाषा शिकवली नाही. त्याच्या ड्रॉइंगलाच प्रोग्रामची भाषा केलं. तीच शिडी १९९३च्या आंतरराष्ट्रीय मानकात आणखी चार भाषांच्या पंगतीला बसली, आणि भोसरीत अजून तिच्यावाचून पान हलत नाही.

मामांची एकच तक्रार राहिली. "सातनंतर आठ का नाही?" या पेटीत आतल्या वायरींना एक्स शून्य ते एक्स सात असे क्रमांक आहेत, मोजणी अष्टमान, आठ आणि नऊ हे आकडेच तिच्या खात्यात नाहीत. पोराने समजावलं. मामांनी ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "आपल्या पगाराच्या हिशेबात हे नका आणू."

दोन हातांच्या बटणांची मौजही याच वेळी झाली. प्रेस मिटताना दोन्ही हात बाहेर असावेत म्हणून ती दोन टोकांना असतात, आणि त्यातलं एक काडेपेटीची काडी खुपसून कायमचं दाबून ठेवण्याची कला प्रत्येक ऑपरेटरला अवगत असते. आम्ही त्यासाठी वेगळा सेफ्टी रिले बसवला. तो दोन्ही बटणं अर्ध्या सेकंदाच्या आत एकदम दाबलेली मागतो, आणि नंतर दोन्ही सुटलेली. पहिल्या दिवशी ऑपरेटरने काडी खुपसली, दुसरं बटण दाबलं, प्रेस ढिम्म. त्याने काडी बदलली. मग काडेपेटीचा छाप बदलला. दुपारी माझ्याकडे येऊन म्हणाला, "नवीन मशीनला फॉल्ट आहे." हा रिले जवळजवळ कंट्रोलरच्याच किमतीचा आणि सगळ्या खर्चात मला सर्वांत कमी टोचलेला.

प्रोग्रामची एक प्रत माझ्याकडे पेनड्राइव्हमध्ये आहे, एक भाच्याकडे, आणि एक छापून पॅनेलच्या दाराला आतून चिकटवली आहे, शेरे मामांच्या अक्षरात. क्युरिंगची मिनिटं आता प्रोग्राममध्ये आहेत. दारावरची खुंटी मात्र आम्ही काढली नाही. तिला आता एकही वायर जात नाही. शिफ्ट संपायच्या सुमारास ती अजून डावीकडे सरकते. सरकवणाऱ्याचं समाधान होतं आणि रबर पाच मिनिटंच पिकतं.

खंडेनवमीला पॅनेलला झेंडूची माळ घातली. हळदकुंकू पेटीच्या जाळीतून आत जाऊ नये म्हणून पोरगा दारासमोर आडवा उभा राहिला. मामांनी ते त्याच्या शर्टाला लावलं आणि पूजा पूर्ण झाली. तेवढ्यात शेजारचे काका प्रसाद घ्यायला आले. पॅनेलचं दार उघडं होतं. चष्मा वर करून त्यांनी ती तळहाताएवढी पेटी बराच वेळ न्याहाळली. "एवढीशीच?" म्हणाले, "कितीला पडली?"

मी आकडा सांगितला. चार आकडी. काकांनी तिथल्या तिथे पोराचा नंबर लिहून घेतला. केबलचं मी काही बोललो नाही.